परसातल्या आवळी भोजनासाठी हाताने लावलेल्या पळसाच्या पत्रावळी

आमच्या नागपूरच्या घरामागे परसात एक जुनी आवळी आहे. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या दिवसांत तिच्या सावलीत एकदा तरी जेवायचे, असा घरचा नेम आहे. इतकी वर्षे हे आवळी भोजन मोठ्या माणसांपुरते होत असे. गेल्या नोव्हेंबरमध्ये मात्र आम्ही ते मुलांसाठी करायचे ठरवले आणि वस्तीतली व नात्यातली मिळून तीन ते बारा वर्षांची अकरा मुले एका रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास परसात पंगतीला बसली. बेत साधा होता: कमी तिखटाचा गोळाभात, कढी, पुरी, बटाट्याची भाजी, किसलेल्या आवळ्याची गोड चटणी आणि शेवटी संत्र्याच्या फोडी. हा सगळा बेत ज्यावर वाढला, त्या हाताने लावलेल्या पळसाच्या पत्रावळींविषयी सविस्तर लिहावे, असे तेव्हापासून मनात होते. कारण मुलांसाठी त्या घ्याव्यात की नाही, हे ठरवण्यापूर्वी मलाच नीट माहिती देणारे कोणी भेटले नव्हते.

पत्रावळी मी आठवडी बाजारातून घेतल्या. टोपल्या आणि सुपे विकणाऱ्यांच्या रांगेत एक बाई पत्रावळी आणि द्रोण घेऊन बसतात. त्यांच्याकडून ५० पत्रावळींची गड्डी १५० रुपयांना आणि ५० द्रोण ७५ रुपयांना मिळाले. तुलना करता यावी म्हणून एका दुकानातून यंत्रावर दाबलेल्या २५ पत्रावळी आणल्या आणि सुपारीच्या २० ताटल्या घरपोच मागवल्या. अकरा मुलांसाठी ही खरेदी अधिकच होती. परंतु मुलांच्या पंगतीत प्रत्येकामागे एक पत्रावळ हिशेबात धरून चालत नाही, दीड धरावी लागते, हे त्या दिवशी कळले.

पळसाचे पान तीन पानांचे मिळून झालेले असते. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मुलांनी शाळेत ऐकली होती, पण तीन पाने म्हणजे काय ते त्यांतल्या एकानेही पाहिले नव्हते. या तिन्हींपैकी मधले पान मोठे आणि गोलसर असते. पानाची वरची बाजू गुळगुळीत व खालची बाजू बारीक लवेची असते, आणि वाळल्यावरही ते चामड्यासारखे चिवट राहते. याच गुणामुळे विदर्भात पत्रावळीसाठी पळसाला मान आहे. गडचिरोलीकडे माहुलाच्या वेलीची मोठी पानेही वापरतात आणि राज्यात इतरत्र वडाच्या पानांच्या पत्रावळीही होतात. मात्र नागपूर, वर्धा, भंडारा या पट्ट्यात पत्रावळ म्हटली की आधी पळसच आठवतो. आम्ही घेतलेल्या पत्रावळींत मध्यभागी एक मोठे पान आणि त्याच्याभोवती एकावर एक चढवलेली सहा ते आठ पाने होती. ती बांबूच्या चोयेच्या बारीक काड्यांनी टाचलेली होती. व्यास सुमारे १२ इंच होता, म्हणजे मोठ्या माणसाच्या जेवणाला पुरेसा आणि लहान मुलाला ऐसपैस. धागा, डिंक किंवा कागद यांपैकी काहीही त्यात नव्हते.

निवड कशी करायची ते त्या बाईंनीच दाखवले, आणि त्यांची शिकवण जशीच्या तशी सांगण्याजोगी आहे. गड्डीतली वरची पत्रावळ पाहून सौदा करू नये. मधली एक काढावी, ती उजेडापुढे धरावी आणि पानांच्या सांध्यांमधून किती प्रकाश येतो ते पाहावे. सांधा दोन बोटे तरी एकमेकांवर चढलेला असला पाहिजे. त्यानंतर पत्रावळ नाकाजवळ न्यावी. चांगल्या वाळलेल्या पळसाला सुकलेल्या गवतासारखा मंद वास असतो. कुबट वास आला, तर पाने ओलसर असताना गड्डी बांधली गेली आहे आणि आत बुरशी धरली आहे असे समजावे. तिसरी गोष्ट म्हणजे मागची बाजू. लवेच्या बाजूला कोळिष्टके, किड्यांची अंडी किंवा धूळ अडकून राहते, आणि मुलांचे जेवण वाढायचे असेल तर एवढ्यावरून गड्डी परत करायला संकोच करू नये. आमच्या गड्डीतल्या ५० पैकी ४ पत्रावळी मला बाजूला काढाव्या लागल्या. त्यांतल्या दोन मध्येच तडकलेल्या होत्या आणि उरलेल्या दोहोंवर पांढरट डाग होते. हाताने केलेल्या वस्तूच्या मानाने हे प्रमाण मला रास्त वाटते.

विकत आणलेली पत्रावळ सरळ पंगतीत मांडता येत नाही, ही गोष्ट घेणाऱ्याने आधी लक्षात घ्यावी. वाळलेले पान ठिसूळ असते आणि त्यावर पुरी ठेवून दाबली तरी ते चर्रकन फाटते. म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही प्रत्येक पत्रावळ दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसली, वर पाण्याचा हबका मारला, ओल्या पंचात सगळी चवड गुंडाळली आणि त्यावर पोळपाट उपडा घालून रात्रभर ठेवली. सकाळी पाने मऊ झाली होती आणि वाकडेपणाही गेला होता. हे काम मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. सात वर्षांवरच्या पाच मुलांनी आपापली आणि धाकट्यांची पत्रावळ पुसली, आणि पुसता पुसता पाने मोजली, टाचण्या मोजल्या, कोणाच्या पत्रावळीत पान उलटे लागले आहे तेही शोधले. ओली चवड मात्र एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नये. उरलेल्या काही पत्रावळी आम्ही विसरून दोन दिवस तशाच गुंडाळून ठेवल्या आणि त्या टाकून द्याव्या लागल्या.

जमीन सपाट असणे हे पत्रावळीसाठी स्वयंपाकाइतकेच महत्त्वाचे आहे. आवळीखालची माती आम्ही आदल्या दिवशी खुरप्याने सारखी केली, सडा घातला आणि सकाळी पुन्हा एकदा हलक्या हाताने झाडली. बसायला जुन्या सतरंजीच्या लांब घड्या अंथरल्या आणि पत्रावळी थेट मातीवर मांडल्या, कारण सतरंजीवर ठेवलेली पत्रावळ मुलाने मांडी हलवताच सरकते. प्रत्येक पत्रावळीभोवती मोठ्या मुलींनी रांगोळीची महिरप काढली. रांगोळी शिरगोळ्याची, म्हणजे पांढऱ्या दगडाच्या भुकटीची घ्यावी. तांदळाच्या पिठाची काढली तर मुंग्यांना आमंत्रणच मिळते. महिरपीचा एक उपयोग मला आधी सुचला नव्हता: धावत येणारी मुले ती रेघ पाहून थांबली, आणि अकरापैकी एकाही पत्रावळीवर पाय पडला नाही.

आवळीची सावली विरळ असते आणि तिची पाने इतकी बारीक असतात की वाऱ्याच्या झुळुकीबरोबर ती ताटात पडतातच. कढीत पडलेली पाने मुलांनी बोटाने काढली आणि जेवण पुढे चालू राहिले. वाऱ्याचा खरा त्रास वाढप सुरू होण्यापूर्वी होतो. रिकामी पत्रावळ वजनाला फार हलकी असते; आमच्या तीन पत्रावळी उडून तुळशीवृंदावनापर्यंत गेल्या. त्यामुळे पत्रावळ मांडताच तिच्यावर लिंबाची फोड आणि भाजीचा पहिला डाव घालून टाकावा, बाकीचे वाढप सावकाश चालू द्यावे.

आता जेवणाच्या वेळी त्या कशा टिकल्या, ते सांगतो. गोळाभात ही पत्रावळीची सर्वांत कठीण परीक्षा आहे असे मी मानतो. मोकळ्या वाफाळत्या भातावर डाळीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, ते कुस्करायचे आणि वर हिंगाची फोडणी दिलेले गरम तेल घालायचे. पत्रावळीवर कढत भात पडला तेव्हा पानाचा रंग थोडा गडद झाला, परंतु पान कोठेही सुरकुतले नाही की त्याला चिकट ओल सुटली नाही. उलट गरम भाताखाली पळसाचा जो सौम्य वास उठला, तो स्टीलच्या ताटात कधीच मिळत नाही, आणि हा वास भाताला न लागता केवळ नाकाला जाणवतो. तेल मात्र बेताने वाढावे. दोन पानांच्या सांध्यावर जास्त तेल पडले तर ते खालच्या मातीत झिरपते. भाताच्या मधोमध खळगा करून त्यात तेल घातले की भातच ते धरून ठेवतो. मुलांच्या पंगतीत हे तेल मोठ्या माणसानेच वाढावे, हे वेगळे सांगायला नको.

कढीच्या बाबतीत माझे मत मिश्र आहे. आम्ही नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतो आणि भरपूर सांबार घातलेली पातळ कढी गोळाभाताबरोबर हवीच असते. एक पानी द्रोणात वाढलेली कढी पाच-सात मिनिटांत टाचणीच्या भोकातून पाझरू लागली. त्यानंतर आम्ही एकात एक असे दोन द्रोण घातले, आतल्या द्रोणाची टाचणी बाहेरच्या टाचणीवर येणार नाही अशी फिरवून बसवली, आणि त्यांतली कढी वीस मिनिटे टिकली. शेवटी तळाला केवळ ओल आली. म्हणजे मुलांच्या पंगतीसाठी द्रोणांची संख्या दुप्पट धरावी लागते. द्रोणाचा दुसरा दोष असा की तो बुडाला निमुळता असल्याने मातीवर कलंडतो. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी यावर जुना उपाय केला: वाळल्या गवताच्या लहान लहान चुंबळी वळून प्रत्येक द्रोणाखाली बसवल्या. त्यानंतर एकही द्रोण सांडला नाही. चुंबळ डोक्यावर घागर घेण्यासाठी असते एवढेच मुलांना चित्रातून ठाऊक होते. जेवणानंतर चार मुलांनी ती वळायला शिकून घेतली. द्रोणात पाणी देण्याच्या भरीस मात्र पडू नये. पाण्यासाठी आम्ही घरची फुलपात्रेच ठेवली होती.

या पत्रावळींचा सर्वांत गंभीर दोष म्हणजे टाचणी. चोयेच्या काड्या बारीक आणि टोकदार असतात, त्यांतल्या काही वरच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर डोकावतात, आणि भात कालवताना त्या सुटून घासात येऊ शकतात. आमच्या पंगतीत चार वर्षांच्या एका मुलीच्या जिभेला काडी टोचली. रक्त आले नाही, ती थोडी रडली, पाणी प्यायल्यावर पुन्हा जेवायला बसली. तरीही यजमान म्हणून मला त्या क्षणी फार अपराधी वाटले, आणि हा धोका कोणीही हलक्याने घेऊ नये असे माझे स्पष्ट सांगणे आहे. पत्रावळ पुसतानाच तळहात अलगद फिरवून वर आलेली प्रत्येक काडी खालच्या बाजूला दाबावी किंवा कात्रीने छाटावी. मोठ्या मुलांना एकदा दाखवले की ती घास घेण्यापूर्वी बोटांनी चाचपतात. पाच वर्षांखालील मुलांना मात्र या पत्रावळीवर वाढूच नये. ती मुले ताट मांडीकडे ओढतात, आणि ओढले की पत्रावळ मधोमध उसवते. म्हणजे काडी सुटण्याचा धोका त्यांच्याच बाबतीत सर्वाधिक असतो.

धाकट्यांसाठी सुपारीच्या ताटल्या कामी आल्या. त्या सुपारीच्या झाडाच्या गळून पडलेल्या झावळीच्या रुंद बुडख्यापासून होतात, ज्याला कोकणात विरी म्हणतात. विरी धुऊन, भिजवून, तापलेल्या साच्यात दाबली की तिला ताटलीचा आकार येतो. टाचणी नाही, सांधा नाही, कड उंच, आणि कढी सांडली तरी ताटलीतच राहते. त्या दिवशी कोकणातून आलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी मुलांना सांगितले की लहानपणी ते विरीवर बसायचे आणि भावंडे झावळीचा शेंडा धरून त्यांना अंगणभर ओढायची. हे ऐकून मुलांनी ताटल्या उलटसुलट करून झाडाच्या रेषा शोधल्या. उपयोगाच्या दृष्टीने या ताटल्यांत मला दोष सापडला नाही. परंतु एका ताटलीला १२ रुपये पडले, म्हणजे पळसाच्या पत्रावळीच्या चौपट, आणि आकार १० इंचांचा असल्याने गोळाभात, भाजी, पुरी व चटणी यांची गर्दी झाली. पाच वर्षांखालील मुले जितकी असतील तितक्याच त्या घ्याव्यात.

यंत्रावर दाबलेल्या पत्रावळींनी माझी निराशा केली. दिसायला त्या सर्वांत नीटनेटक्या होत्या: कड वळवलेली, खोलगट, एकसारख्या, आणि ‘नैसर्गिक पानांच्या’ म्हणून विकलेल्या. एक पत्रावळ मी कोमट पाण्यात तासभर भिजवली आणि थर सोडवून पाहिले, तेव्हा पानाच्या आणि खालच्या पुठ्ठ्याच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा निघाला. यंत्रावर दाबलेली प्रत्येक पत्रावळ अशी असते असे मी म्हणत नाही. केवळ पानांवर पाने दाबूनही त्या तयार होतात. पण विकत घेण्यापूर्वी एक पत्रावळ फाडून पाहण्याची परवानगी मागावी आणि ती मिळाली नाही तर घेऊ नये. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, वाट्या, पेले बंद झाले, तेव्हा अनेक घरांनी मोठ्या विश्वासाने पानांकडे पाहिले. त्या विश्वासापोटी घेतलेल्या वस्तूत प्लास्टिक निघाले की वाईट वाटते. शिवाय गरम भात या पापुद्र्यावर वाढणे मला पटले नाही, म्हणून त्या २५ पत्रावळी आम्ही वापरल्याच नाहीत.

केळीच्या पानाचा विचार आम्ही आधी केला होता. पाटावर किंवा फरशीवर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. उघड्या मातीवर मात्र ते मधल्या शिरेवर फाटते आणि पातळ पदार्थ त्यावरून वाहून जातो. स्टीलच्या ताटांविषयी इतकेच म्हणेन की चार-पाच मुले नेहमीसारखी खेळायला आली आणि परसात बसून पोहे खाणार असतील, तर घरचीच ताटे काढावीत. तेवढ्यासाठी पत्रावळी आणण्याचे कारण नाही. पंगत हीच ज्या दिवशी मुलांची मौज असते, पुसण्यापासून रांगोळीपर्यंतची तयारी जेव्हा त्यांच्या हातांनी होते, त्या दिवशी पळसाची पत्रावळ आपल्या किमतीच्या कितीतरी पट देते. एरवी ताटाकडे न पाहता जेवणारी दोन मुले त्या दिवशी भात कड ओलांडू नये म्हणून सावकाश, मान खाली घालून, शेवटच्या शितापर्यंत जेवली, हे त्यांच्या आईने मला स्वतःहून सांगितले.

किमतीचा हिशेब असा: एका मुलामागे दीड पत्रावळ आणि दोन द्रोण धरले, तर साडेसात रुपये होतात. पन्नासची गड्डी घेतल्यास उरलेल्या कोरड्या पत्रावळी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवता येतात. ओल लागू दिली नाही तर काही महिने त्यांना काही होत नाही. शिशिरात पळसाची पाने झडतात, मग तो फुलतो, आणि नवी पालवी उन्हाळ्यात येते. त्यामुळे होळीच्या सुमारास मिळणारा माल जुन्या साठ्यातला असण्याचा संभव अधिक. ज्यांना उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी असा बेत करायचा असेल, त्यांनी गड्डी कार्तिकातच घेऊन ठेवावी किंवा घेताना वास आणि ठिसूळपणा अधिक काळजीने तपासावा.

जेवण झाल्यावर मुलांनी आपापली पत्रावळ दुमडून परसाच्या कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्यात टाकली. गाईला द्यावी असे एका मुलाने सुचवले होते, पण काड्यांमुळे आम्ही ते टाळले. जानेवारीच्या अखेरीस खड्डा उकरला तेव्हा पळसाची पाने काळी पडून मातीत विरत आली होती, हातात धरताच चुरा होत होती. सुपारीच्या ताटल्या मात्र मऊ होऊन अजून आकार धरून होत्या. चोयेच्या काड्या तशाच्या तशा, टोकदार, खतात विखुरलेल्या सापडल्या. हे खत वाफ्यात घालण्यापूर्वी जाड चाळणीतून चाळून घ्यावे, कारण आमच्याकडे वाफ्यात हात घालून गांडुळे शोधणारी मुलेही तीच आहेत.